आधी डोळे, मग फी : वैमानिक प्रशिक्षण संस्थांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील फ्लाइंग क्लब व वैमानिक प्रशिक्षण संस्थांचे संचालक, आणि ‘बारावीनंतर पायलट’ असे फलक लावणाऱ्या मार्गदर्शन वर्गांचे चालक यांस,

विषय : प्रवेश देण्याआधी विद्यार्थ्यांची नेत्रतपासणी

स. न. वि. वि.

बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया ही नावे आता विमान शिकण्यासाठी घेतली जातात, याचा आनंद आहे. या शिक्षणाचा खर्च अर्ध्या कोटीच्या घरात जातो आणि तो पुष्कळदा घर किंवा शेत तारण ठेवून उभा राहतो. म्हणून सरळ मागणी मांडतो. विद्यार्थ्याच्या हातात क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाला लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र, पडेपर्यंत प्रवेश पक्का करू नका. ते जमत नसेल, तर निदान पुढे लिहिली आहे तशी नेत्रतपासणी झाल्याखेरीज पहिला हप्ता घेऊ नका.

आज बऱ्याच ठिकाणी उलटा क्रम चालतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या यादीतल्या डॉक्टरांकडून क्लास टू, म्हणजे खालच्या पायरीचे मेडिकल, करून घ्यायचे, प्रवेश द्यायचा, उड्डाणे सुरू करायची आणि क्लास वन ‘होईल सावकाश’ म्हणून पुढे ढकलायचे. स्टुडंट पायलट लायसन्सला क्लास टू पुरते, त्यामुळे यात नियमभंग काही नाही. पण कमर्शियल लायसन्स क्लास वनशिवाय मिळत नाही, आणि डोळ्यांच्या बाबतीत या दोन्हींची पट्टी एक नाही.

आपल्याकडचे नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १ वर बेतलेले आहेत. त्यात क्लास वनसाठी प्रत्येक डोळ्याची दूरची नजर स्वतंत्रपणे किमान ६/९ आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून ६/६ हवी. क्लास टूला हेच आकडे ६/१२ आणि ६/९ आहेत. (निर्दोष नजर जी ओळ नऊ मीटरवरून वाचते ती सहा मीटरवरून वाचता आली तर नजर ६/९.) म्हणजे एक डोळा चष्म्यानेही ६/१२ वर अडकलेला मुलगा क्लास टू सहज पार करतो, एकट्याने (सोलो) उडतोही, आणि क्लास वनला बाद होतो. क्लास टूच्या कागदावर विसंबून घेतलेली फी इथेच बुडते.

असा डोळा बहुतेक वेळा आळशी असतो. लहानपणी दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक होता, कुणाच्या लक्षात आला नाही, आणि मेंदूने कमजोर डोळ्याकडून आलेले चित्र वापरणेच सोडून दिले. दुसरा डोळा उत्तम असल्याने वर्गात फळा दिसतो, क्रिकेट खेळता येते, तक्रार काहीच नसते. सात-आठ वर्षांच्या आत पट्टी बांधून उपचार झाले तर फरक पडतो. अठराव्या वर्षी फार हाती लागत नाही. हे पकडायला महागडे यंत्र लागत नाही. एक डोळा झाकून तक्ता वाचायला लावा. झाकताना बोटे नकोत, कारण बोटांच्या फटीतून दिसते आणि दाबलेला डोळा नंतर काही वेळ धूसर राहतो. पुठ्ठा किंवा झाकणी घ्या. डोळे बारीक करू देऊ नका. ओळ अडली तर बारीक छिद्राच्या चकतीतून, पिनहोलमधून, पुन्हा वाचायला सांगा. छिद्रातून नजर सुधारली तर दोष बहुधा नंबरचा आहे आणि योग्य चष्म्याने काम होईल. सुधारली नाही तर मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा, चष्म्याच्या दुकानात नको.

आता चष्म्याविषयी. ‘चष्मा आहे म्हणजे पायलट होता येणार नाही’ ही समजूत अजून गावोगाव टिकून आहे, आणि ती हवाई दलाच्या नियमांमुळे रुजली. हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचला मायोपिया, म्हणजे मायनस नंबर, चालत नाही. एका डोळ्याला ६/६ आणि दुसऱ्याला ६/९ लागते, आणि तेही प्लस नंबर असेल तरच चष्म्याने ६/६ करून चालते. नागरी विमानसेवेचा हिशोब निराळा आहे. परिशिष्टात विनाचष्मा नजरेवर मर्यादाच घातलेली नाही. चष्म्याने ६/९ आणि ६/६ गाठले की पुरे. अट एवढीच की उडताना चष्मा डोळ्यांवर हवा आणि जादा जोडी हाताशी हवी. विनाचष्मा नजर ६/६० पेक्षाही कमी असेल, साधारण मायनस तीनच्या पुढे असे होऊ लागते, तर पहिल्या मेडिकलआधी आणि पुढे दर पाच वर्षांनी नेत्रतज्ज्ञाचा सविस्तर अहवाल लागतो. जास्त मायनस असलेल्या डोळ्याचा पडदा कडेला पातळ होतो, त्यात छिद्रे पडू शकतात आणि पुढे पडदा सुटू शकतो, म्हणून हा अहवाल. असे विद्यार्थी आले तर बाहुली मोठी करून पडद्याची कड तपासलेली आहे का, एवढे विचारा. छिद्र वेळेवर सापडले तर लेसरने बंद करता येते.

यातून दुसरी मागणी निघते : ‘लेसिक करून या’, म्हणजे लेसर शस्त्रक्रियेने चष्म्याचा नंबर घालवून या, असा सल्ला देणे बंद करा. मायनस चारचा चष्मा लावून ६/६ वाचणाऱ्या मुलाला नागरी मेडिकलसाठी शस्त्रक्रियेची गरज नाही. शस्त्रक्रिया केली की काही काळ टेम्पररी अनफिट, मग नव्याने तपासण्या, नंबर स्थिर झाल्याचा पुरावा, रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात का याची चौकशी, हे सगळे मागे लागते. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाचा नंबर पुष्कळदा अजून वाढत असतो, त्यामुळे चष्मा परत लागण्याचीही शक्यता राहते. आणि लपवण्याचा तर विचारच नको. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, लेसिकच्या पापुद्र्याची कड दिसते. कड न दिसली तरी बुबुळाची वक्रता सपाट आणि डोळ्याची लांबी मात्र मायोपियाच्या डोळ्यासारखी, हा न जुळणारा हिशोब तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो. ज्यांची शस्त्रक्रिया आधीच झाली आहे त्यांना तारीख, प्रकार, आधीचा नंबर आणि आधीची टोपोग्राफी (बुबुळाच्या वक्रतेचा नकाशा) हे कागद जपायला सांगा. मागाहून ते रुग्णालयांतून मिळवणे सोपे नसते.

एक गोष्ट मात्र लेसिकपेक्षा गंभीर आहे. सतत डोळे चोळणारा, दर सहा-आठ महिन्यांनी सिलिंडर नंबर आणि त्याचा अक्ष बदलणारा, नवा चष्मा करूनही ‘अक्षराला सावली दिसते’ म्हणणारा विद्यार्थी असेल तर बुबुळाची (कॉर्नियाची) टोपोग्राफी करून घ्या. केराटोकोनस, म्हणजे बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा आजार, नेमका याच वयात वाढतो. सुरुवातीला सापडला तर बुबुळ घट्ट करणाऱ्या क्रॉसलिंकिंग उपचाराने तिथेच थांबवता येतो. न तपासता अशा डोळ्यावर लेसिक झाले, तर उरलेले बुबुळही ढासळू शकते.

रंगदृष्टीवर जरा थांबावे लागेल, कारण सर्वांत जास्त मुले इथेच अनपेक्षितपणे अडतात. नजर ६/६, चष्मा नाही, आणि तरीही अनफिट. घरच्यांना हे पटतच नाही. लाल-हिरव्याचा जन्मजात दोष एक्स गुणसूत्रातून येतो. तो मुलांमध्ये दिसतो, मुलींमध्ये क्वचित, आणि मुलाकडे आईच्या बाजूने येतो. त्यामुळे प्रवेश अर्जात वडिलांच्या चष्म्याचा नंबर विचारण्यापेक्षा आईच्या वडिलांना किंवा मामाला रंग ओळखायला अडचण आहे का, हे विचारलेले जास्त कामाचे. ‘सिग्नलचा लाल-हिरवा कळतो’ याला काही अर्थ नाही. चौकातल्या सिग्नलला लाल वर आणि हिरवा खाली असतो. जागेवरूनही ओळखता येतो.

धावपट्टीवर ही सोय नसते. धावपट्टीच्या बाजूला उतरण्याचा कोन दाखवणारे ‘पापी’चे (पीएपीआय) चार दिवे एका ओळीत असतात. दोन पांढरे दोन लाल म्हणजे उतरण्याचा कोन बरोबर, साधारण तीन अंश. तीन लाल म्हणजे विमान थोडे खाली, चारही लाल म्हणजे धोकादायक खाली. इथे जागेवरून काही कळत नाही. किती लाल आणि किती पांढरे हे रंगानेच मोजायचे. मध्यरेषेचे दिवे शेवटच्या ९०० मीटरपासून लाल-पांढरे आलटून पालटून आणि शेवटच्या ३०० मीटरमध्ये सगळे लाल. टॅक्सीवेची कड निळी, मध्यरेषा हिरवी. रेडिओ बंद पडला तर टॉवरवरून दाखवलेला स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्या विमानाला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा.

२६ जुलै २००२ रोजी पहाटेच्या अंधारात अमेरिकेत टॅलाहासी इथे फेडेक्सचे बोइंग ७२७ मालवाहू विमान धावपट्टीच्या अलीकडे झाडांवर आदळले. तिघेही कर्मचारी जखमी झाले, पण वाचले. विमान उतरवणाऱ्या फर्स्ट ऑफिसरला रंगदृष्टीचा दोष होता आणि त्याला सवलतीचे प्रमाणपत्र मिळालेले होते. अमेरिकेत वाहतूक अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीने थकवा आणि ठरलेली पद्धत न पाळणे यांच्या बरोबरीने या दोषालाही अपघाताला हातभार लावणारे कारण ठरवले. नियम कडक का, याचे उत्तर पालकांना द्यायचे असेल तर हे उदाहरण द्या.

रंगदृष्टीची तपासणी इशिहाराच्या, म्हणजे रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेल्या, पुस्तकाने होते. पुस्तक छापील आणि मूळ हवे. मोबाइलच्या पडद्यावरची चित्रे, झेरॉक्स किंवा खिडकीपाशी पडून विटलेले पुस्तक निरुपयोगी, कारण सगळी परीक्षा शाईच्या नेमक्या छटांवर उभी आहे. अंतर ७५ सेंटिमीटर, उजेड दिवसाचा किंवा त्या प्रतीच्या पांढऱ्या दिव्याचा. पिवळ्या बल्बखाली निकाल चुकतो. प्रत्येक पानाला तीन सेकंद. बोटाने रेषा गिरवू देऊ नका. पहिले पान, १२ चे, सर्वांनाच दिसते. ते न वाचणारा एकतर नजरेने कमी आहे किंवा नाटक करतो आहे. पुढच्या पानांवर दोष असलेल्याला दुसरेच आकडे दिसतात : ८ च्या जागी ३, २९ च्या जागी ७०, ७४ च्या जागी २१. आणि काही पाने अशी आहेत की ज्यांची दृष्टी ठीक आहे त्यांना आकडा दिसत नाही, दोष असलेल्याला दिसतो. म्हणूनच इंटरनेटवरून आकडे पाठ करून येणारे फसतात. तपासणारे पाने उलटसुलट दाखवतात, आणि शंका आली तर पुढे लँटर्न चाचणी आहे. अंधाऱ्या खोलीत टिंबाएवढा दिवा दाखवून रंग विचारतात. तो पाठ करून येता येत नाही.

‘रंगांधळेपणाचा चष्मा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगीत काचांच्या आणि लाल छटेच्या कॉन्टॅक्ट लेन्सच्या नादी विद्यार्थ्यांना लावू नका. त्या काही छटा दाबून उजेडातला फरक वाढवतात, त्याने पुस्तकातला एखादा आकडा सुटतोही, पण डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आहेत तशाच राहतात. मेडिकलमध्ये अशा काचा चालत नाहीत.

इथे परदेशाचा एक मुद्दा येतो. ब्रिटनने पानांवर अडलेल्यांसाठी संगणकावर दोषाची तीव्रता मोजणारी सीएडी ही चाचणी बऱ्याच वर्षांपूर्वी स्वीकारली, आणि अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, एफएएने, १ जानेवारी २०२५ पासून पहिल्यांदा मेडिकल करणाऱ्यांना मान्यताप्राप्त संगणकीय चाचणी लावली. सौम्य आणि तीव्र दोष वेगळे काढायला ही पद्धत जास्त न्याय्य आहे, आणि आपल्याकडेही ती सर्वत्र यावी असे आमचे मत आहे. पण म्हणून ‘इथे अडकलास तर अमेरिकेत शीक’ हे सांगू नका. एफएएच्या मेडिकलवर तिकडे उडता येईल. भारतात परतून लायसन्स बदलून घेताना आपल्या महासंचालनालयाचे क्लास वन लागतेच, आणि डोळे तेच असतात. तसेच ‘पायलट नाही तर एटीसी’, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रक, हा दिलासाही खोटा आहे. नियंत्रकाच्या मेडिकललाही रंगदृष्टी पाहतात आणि नजरेची अट क्लास वनइतकीच आहे.

रंगदृष्टी नंतरही बिघडू शकते, हे फार कमी जणांना माहीत असते. क्षयाच्या उपचारातले इथॅम्ब्युटॉल हे औषध काही रुग्णांत दृष्टीच्या नसेवर परिणाम करते, आणि लाल-हिरव्यातला फरक मंदावणे ही त्याची सुरुवातीची खूण असू शकते. प्रशिक्षण चालू असताना विद्यार्थ्याला टीबीचा कोर्स सुरू झाला तर औषध त्याने स्वतःहून बंद करायचे नाही. पण डोळ्यांची तपासणी, रंगदृष्टीसह, अधूनमधून होत राहायला हवी.

तपासणीच्या दिवसाच्या चुका वेगळ्याच, आणि त्या पूर्णपणे टाळता येण्याजोग्या. कॉन्टॅक्ट लेन्स रात्री काढून सकाळी नंबर तपासायला बसलेल्याचा नंबर खरा येत नाही, कारण लेन्सच्या दाबाने बुबुळाचा आकार तात्पुरता बदललेला असतो. मऊ लेन्स निदान आठवडाभर, कडक लेन्स दोन-तीन आठवडे आधी बंद ठेवाव्यात. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की जवळचे वाचता येत नाही; ट्रॉपिकामाइडचा परिणाम काही तासांत उतरतो, सायक्लोपेंटोलेटला दिवसभर लागू शकतो, आणि ॲट्रोपिन आठवडाभर किंवा त्याहूनही जास्त रेंगाळते. मेडिकलच्या आठवड्यात थेंबांची तपासणी ठेवू नका. ती महिनाभर आधी उरकलेली बरी. ती टाळूही नका, कारण तासन् तास मोबाइल आणि अभ्यास यांनी ताणलेल्या डोळ्यात खोटा मायनस नंबर दिसतो, आणि थेंब घालून डोळा सैल केल्याखेरीज खरा नंबर कळत नाही. चष्मा सहा महिन्यांच्या आतल्या नंबरचा असावा, दोन्ही जोड्या एकाच नंबरच्या. जुनी जोडी ‘स्पेअर’ म्हणून आणून भागत नाही.

चष्म्याची दांडी पातळ आणि सरळ घ्यावी. जाड प्लॅस्टिकची दांडी हेडसेटच्या गादीला उचलते आणि आवाज आत शिरतो. गॉगल फिकट करड्या काचेचा असावा, पोलराइज्ड नको. पोलराइज्ड काचेतून काही पडदे ठरावीक कोनात काळे दिसतात आणि विंडशील्डवर रंगीत पट्टे उमटतात. उन्हात आपोआप गडद होणाऱ्या काचाही कॉकपिटमध्ये कामाच्या नाहीत : विंडशील्ड अतिनील किरण अडवते म्हणून त्या पुरेशा गडद होत नाहीत, आणि ढगात शिरल्यावर उजळायला वेळ घेतात.

आपल्या इन्स्ट्रक्टरांनाही हे पत्र वाचायला द्यावे. चाळिशीनंतर जवळचे वाचायला त्रास होऊ लागतो, आणि मेडिकलमध्ये ३० ते ५० सेंटिमीटरवर एन ५ (वाचनतक्त्यावरची बारीक अक्षरे), तर १ मीटरवर एन १४ (त्याहून मोठी) वाचता यावे लागते. नकाशा पहिल्या अंतरात येतो, उपकरणांचे पॅनल दुसऱ्यात. निव्वळ वाचनाचा पूर्ण काचेचा चष्मा नियमाला चालत नाही, कारण त्यातून वर पाहिले की दूरचे धूसर होते. बायफोकल, अर्ध्या काचेचा किंवा प्रोग्रेसिव्ह लागतो. एक डोळा दूरसाठी आणि एक जवळसाठी अशा मोनोव्हिजन कॉन्टॅक्ट लेन्स मुळीच नकोत. १९ ऑक्टोबर १९९६ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियावर डेल्टाचे एमडी-८८ उतरताना धावपट्टीआधीच्या दिव्यांच्या मचाणाला धडकले. कॅप्टनने मोनोव्हिजन लेन्स घातल्या होत्या आणि त्यामुळे विमान किती खाली आहे याचा अंदाज चुकला, असा एनटीएसबीचा निष्कर्ष होता.

तेव्हा प्रवेश अर्जासोबत एक पान नेत्रतज्ज्ञाकडून भरून घ्या. त्यात हवे : प्रत्येक डोळ्याची नजर चष्म्याशिवाय आणि चष्म्यासह, पिनहोलने सुधारते की नाही, थेंब घालून काढलेला नंबर, गेल्या दोन वर्षांतले नंबर, इशिहाराची किती पाने चुकली, तिरळेपणासाठी कव्हर टेस्ट, डोळ्याचा दाब, पडद्याची कड, आणि डोळ्याची कोणतीही शस्त्रक्रिया. सगळे एका बैठकीत होते. मूळ कागद विद्यार्थ्याकडे राहील, आपण प्रत ठेवा. इशिहारात चूक निघाली तर क्लास वनच्या निकालापर्यंत पैसे घेऊ नका. तो निकाल बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनसारख्या हवाई दलाच्या केंद्रात किंवा महासंचालनालयाने मान्य केलेल्या अन्य केंद्रातच लागेल, आपल्या ऑफिसात किंवा आमच्या दवाखान्यात नाही. टेम्पररी अनफिट आले तर दिलेल्या मुदतीत काय दुरुस्त करायचे ते लेखी मागून घ्या, पर्मनंट अनफिट आले तर अपिलाची वाट विद्यार्थ्याला दाखवा.

आणि प्रवेशाच्या करारात एक कलम मराठीत छापा : डोळ्यांच्या कारणाने क्लास वन नाकारले गेले तर किती रक्कम परत मिळेल, आणि किती दिवसांत.

कळावे,
विमान शिकू पाहणाऱ्यांचे डोळे तपासणारे काही नेत्रतज्ज्ञ व ऑप्टोमेट्रिस्ट